बारीतले पाहुणे

नवराबायकोने मिळून परमुलखातल्या शेतावर राबायला जाणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. बीडकडची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, तेव्हा मुकादमाच्या हिशेबात त्या दोघांचा मिळून 'एक कोयता' होतो. छत्तीसगडातही धानाची कापणी उरकली की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामाला उत्तरेकडे जातात. त्या प्रवासामागे उचल असते, हौस नसते.

हौसेने शेतावर राबण्याची रीत निराळी, आणि तिचा उगम इंग्लंडातला. 1971 साली लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंनी ससेक्समधल्या एका शेतावर शहरी माणसांच्या आठवडाअखेरच्या श्रमाची व्यवस्था केली. त्यातून 'वूफ' नावाची चळवळ देशोदेशी पसरली. तिचा करार साधा आहे: रोज चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि निवारा, पैशाची देवघेव नाही. नोकरीतून सवड काढून गावोगाव असा प्रवास करणारी तरुण जोडपी आता भारतातही आढळतात.

असे एखादे जोडपे रायपूरच्या पंचक्रोशीत उतरले, तर त्याच्या पुढ्यात काय येईल? छत्तीसगड हा धानाचा मुलूख. पण भाजीचा संसार तिथे 'बारी'त चालतो. बारी म्हणजे बहुधा घराच्या मागचा, कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा. मरार समाजाचा भाजीपाला पिकवणे हा परंपरागत व्यवसाय. 2018 च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या राज्य सरकारने 'नरवा, गरुवा, घुरवा, बारी' अशी योजना आखली, तेव्हा ओढा, गुरे आणि उकिरडा यांच्या पंक्तीला बारीलाही बसवले होते.

मराठी पाहुण्यांना इथली भाजी अर्धी ओळखीची वाटेल. अमारी म्हणजे आपली अंबाडी. मुनगा म्हणजे शेवगा, आणि विदर्भात तर तो मुनगाच. टोमॅटोला मात्र 'पताल' म्हणतात. चरोटा, म्हणजे आपला टाकळा, कोवळा असताना इथे चवीने खातात. दुसरीकडे निंदणी शिकून आलेला उत्साही पाहुणा नेमका तोच आधी उपटून कुंपणाबाहेर टाकील! तिवऱ्याचा कोवळा पालाही इथे भाजीचा. त्याचे बी धान उभे असतानाच ओल्या बांध्यांत फेकतात.

पहिला आठवडाभर तरी असा पाहुणा म्हणजे घरावर भारच. रोप आणि तण यांतला फरक त्याला दाखवावा लागतो. पालेभाजी उन्हाआधी खुडून बाजार गाठायचा असतो. न्याहारीनंतर सुरू होणारे चार तास त्या घराच्या फारसे उपयोगाचे नसतात. त्यातून एकट्या पुरुषाला लहानशा घरात ठेवून घेणे अवघड. जोडपे असले की ही अडचण बरीच कमी होते. बाई स्वयंपाकघरात आणि रोपलावणीत बायकांबरोबर वावरते, बाजारात पसरा मांडून बसलेल्या मालकिणीशेजारी बसते. आणि भाजीचा खरा हिशेब कळतो तो तिथेच.

तो हिशेब फारसा गोड नाही. पहाटेच्या मालाचा भाव पुष्कळदा 'कोचिया' म्हणजे मधला व्यापारी ठरवतो. शेजारच्या दुर्ग जिल्ह्यातला धमधा भाग टोमॅटोसाठी प्रसिद्ध. पण आवक वाढून भाव कोसळला की तोडणीची मजुरीही सुटत नाही आणि फळ झाडावरच पिकून गळते. अशा वेळी फुकट हात उपयोगी पडावेत असे वाटते. तोडणी त्यांनी केली, तरी गाडीभाडे राहतेच. भाव चांगला असतो तेव्हा प्रश्न आणखी नाजूक होतो. शेजारची जी बाई निंदणीला रोजाने येते, तिचे काम बिनमजुरीच्या पाहुण्यांनी केले, तर तिचा रोज बुडतो. करारात पैशाची देवघेव नाही खरी. परंतु तिच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो.

म्हणून समजूतदार जोडपे मजुराचे काम न उचलता, मजूर लावणे परवडत नाही म्हणून रखडलेले काम मागून घेते: कुंपण सावरणे, उकिरड्यातले कुजलेले खत वाफ्यांत पसरणे, बी वाळवून ठेवणे. ते आठवड्याने उठून पुढच्या गावाला जात नाही. निदान एका पिकाची लावणी आणि तोडणी पाहण्याइतके राहते.

थंडीत आलेल्यांना पौष पौर्णिमा सापडते. मरार समाज त्या दिवशी शाकंभरीची जयंती करतो आणि गावभर 'छेरछेरा' असतो. धान नुकतेच घरात आलेले असते. मुले टोपल्या आणि पिशव्या घेऊन दारोदार धान मागतात, मोठी माणसेही निघतात, आणि दारची बाई प्रत्येकाला ओंजळभर घालते. त्या सकाळी बारीच्या कामाला लवकर कुणी हात लावीत नाही.