बसल्या जागी प्रवास, मग चक्कर का?

मोबाइल फोन पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चष्म्यात बसवून डोळ्यांना लावायचा आणि घरबसल्या किल्ले, समुद्राचा तळ हिंडून यायचे, हा खेळ आता आपल्या गावांतही आला आहे. गूगल कंपनीने २०१४ साली असा पुठ्ठ्याचा चष्मा आणला. २०२१ मध्ये तिने त्याची विक्री थांबवली, तरी इतरांचे तसेच चष्मे मिळतात. या आभासी जगात फिरून मळमळते, अशी तक्रार घेऊन कुणी आले की मी आधी विचारतो, ‘‘तिथे तुम्ही चालता कसे?’’

हातात बटण नसताना चालायच्या चार रीती आहेत. मान खाली घातली की चालू लागणे, ही पहिली. डोके कलेल त्या दिशेला सरकणे, ही दुसरी. एखाद्या खुणेवर क्षणभर नजर रोखली की एकदम तिथे पोहोचणे, ही तिसरी. जागच्या जागी पावले टाकणे, ही चौथी. डोक्याला बसणाऱ्या हिसक्यांवरून फोन पावले ओळखतो.

आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. शरीर हलले की त्या मेंदूला कळवतात. पहिल्या दोन रीतींत डोळे सांगतात ‘चाललो’, कान सांगतो ‘बसलो आहे’. या भांडणातून मळमळ, घाम, चक्कर सुरू होते. घाटात एस.टी. लागते तेव्हाही डोळे आणि कान यांचे असेच बिनसलेले असते. तिसऱ्या रीतीत वाटेवरचे दृश्य डोळ्यांपुढून सरकत नाही, म्हणून त्रास कमी होतो.

चौथी रीत पायांना काम देते. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १८ जणांवर तिचा प्रयोग केला. आपोआप चालण्यापेक्षा ती अधिक खरी आणि सहज वाटते, असे त्यात आढळले. मात्र डोळे झाकलेल्या माणसाने पावले टाकणे म्हणजे पडण्याला निमंत्रण! आणि उतारवयात एका पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते.

म्हणून माझा सल्ला असा : नवख्यांनी खुर्चीत बसून तिसरी रीत वापरावी. पावले टाकायची तर मोकळ्या खोलीच्या मध्यभागी. पायांत सतरंजी, जवळ जिना नको आणि शेजारी एक डोळस माणूस हवा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरेत. पहिली मळमळ जाणवताच चष्मा काढावा. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. डोके स्थिर होईपर्यंत स्कूटरला किल्ली लावू नये. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी दुसरी रीत टाळावी. चक्कर किंवा फिट येणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. लहान मुलांच्या हाती तर हा चष्मा एकट्याने देऊच नये.