कुंभारजुव्याच्या खाऱ्या पाण्यातही गोड्या पाण्याचीच मगर

मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडणारा गोव्यातील कुंभारजुवे कालवा भरतीच्या पाण्याने खारट होतो. तेथील मगरी मात्र ‘खाऱ्या पाण्यातील मगर’ या प्रजातीच्या नव्हेत. सांगलीजवळ कृष्णेत आढळणारी गोड्या पाण्यातील मगरच येथे मचूळ पाण्याला सरावली आहे. पाण्याच्या चवीवरून प्रजाती ओळखणे त्यामुळे फसवे ठरते.

खाऱ्या पाण्यातील मगर भारतात आता ओडिशातील भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमान-निकोबार बेटांवर आढळते. तिचा नर सहा मीटरपर्यंत वाढू शकतो. ती समुद्रातून दूरवर पोहत जाते आणि माणसाला अधिक धोकादायक मानली जाते. गोड्या पाण्यातील मगर आकाराने लहान, रुंद तोंडाची. काठावर बिळे खणून राहणारी.

काठावर वावरणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक घरट्याचा. गोड्या पाण्यातील मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीस काठावर खड्डा खणून अंडी घालते. खाऱ्या पाण्यातील मादी पावसाळ्याच्या सुमारास पालापाचोळ्याचा ढीग रचते. दोघीही घरट्याची राखण करतात आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाऊ शकतात. कृष्णाकाठी धुणी, गुरे व मोटारपंप घेऊन नदीत उतरण्याचे दिवसही नेमके हेच, उन्हाळ्याचे.