डीडीटीच्या घराण्यातली गोळी

माझ्या लहानपणी मालवणात मलेरियाचे फवारणीवाले आले की भांडीकुंडी खळ्यात निघायची. मागे उरायचे भिंतीवरचे पांढुरके ओघळ आणि दारावर लिहिलेली तारीख. त्या डीडीटीचं भावंड डीडीडी. ते खाऊ घातलेल्या कुत्र्यांच्या अॅड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर झिजतो, हे 1949 साली दिसलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी. त्याच थरात उठणाऱ्या कर्करोगावर मग डीडीडीतलाच एक घटक मायटोटेन म्हणून आला; अमेरिकेत 1970 साली मान्य झाला. अजून मुख्य औषध तेच.

रोग दुर्मीळ, दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसरा. 2011च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची वस्ती साडेआठ लाखांच्या घरात. म्हणजे वर्षाकाठी जेमतेम एक. त्यामुळे गोव्यात बांबोळीचं नाहीतर मुंबईत परळचं इस्पितळ, ही वाट ठरलेली.

सगळी मदार पहिल्या ऑपरेशनवर. गाठ न फुटता, आवरणासकट निघाली पाहिजे. 1992 पासून ही ग्रंथी दुर्बिणीतूनही काढतात, तरी कर्करोगाची गाठ मोठी असली तर पोट उघडणंच बरं मानतात. अख्खी निघूनही ती अनेकांत परतते, म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्कॅन. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू होईपर्यंत मुंबईची अशी प्रत्येक खेप म्हणजे एसटीत काढलेली रात्र.

मायटोटेन चरबीत मुरतं. रक्तात लिटरला 14 ते 20 मिलिग्रॅम हवं, तिथवर पोचायला महिने जातात. तोवर मळमळ, भोवळ. शिवाय दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथीही ते निकामी करतं, म्हणून रोज हायड्रोकॉर्टिसोन. उलट्या लागून ती गोळी पोटात ठरली नाही तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच औषधाचं इंजेक्शन घरातच हवं आणि ते टोचता येणारं माणूसही. पावसाळ्यात, रस्त्यावर पाणी असताना, हे जास्तच कळतं.

2007 साली इटली-जर्मनीतल्या 177 रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. इटलीत ऑपरेशननंतर मायटोटेन घेणाऱ्यांना रोग परतेपर्यंत साधारण 42 महिने मिळाले, न घेणाऱ्यांना 10. आकडा डोळे दिपवणारा, पण कागद मागे वळून चाळलेले; गोळी कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. तशी चाचणी 2023 साली छापून आली, धोका कमी असलेल्या 91 जणांची. पाच वर्षं रोगाविना राहिले गोळीवाल्यांत 79 टक्के, नुसत्या देखरेखीवर 75. म्हणण्यासारखा फरक नाही. मधल्या काळात किती जणांनी ती मळमळ उगाच सोसली असेल!

अशांची गोळी आता टळू शकते, तपासणी नाही. कुडाळ स्टेशनावर संध्याकाळी मुंबईच्या तुतारी एक्स्प्रेसची वाट बघणाऱ्यांत एखाद्याच्या मांडीवर सीटीच्या फिल्मांची मोठी पिशवी आडवी असते, दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेली.