प्रश्न एकच, पुस्तकं पाच
(विद्येच्या वाटा : भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञाचं काम पाहिलं. आज ज्याच्याकडे रुग्ण येत नाहीत, अशा मानसशास्त्रज्ञाबद्दल. माळशिरस, अकलूज किंवा नातेपुत्याच्या एखाद्या मुलीनं बीएला मानसशास्त्र घेतलं की घरचे विचारतात, ‘म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का?’ तिला संशोधनात जायचं असेल, तर उत्तर ‘नाही’ असं आहे. माणसं जशी वागतात तशी का वागतात, हे पुराव्यानिशी शोधणं हे तिचं काम. ते कुणाला बरं करण्यासाठी लगेच उपयोगी पडेलच असं नाही.

वाट सरळ दिसते. बीए, एमए, मग नेट किंवा सेट, मग पीएचडी. पूर्वी या भागातल्या मुलांचा संबंध कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी येई. 2004 पासून सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ आहे. 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, सहाच्या पुढे सहसा ताणता येत नाही. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये. हे सगळं कुठल्याही करिअर पुस्तिकेत सापडतं. सापडत नाही ते एवढंच, की पीएचडी झाल्यावर पुढची तीस वर्षं माणूस नेमकं करतो काय.

त्यासाठी मानसशास्त्रज्ञ डॉ. आनंद परांजपे यांच्याकडे बघू. पुणे विद्यापीठात डॉक्टरेट केल्यावर ते हार्वर्डला एरिक एरिक्सन यांच्याकडे गेले आणि 1967 मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकवू लागले. ते विद्यापीठ तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. नोकरीचा इतिहास म्हणून बघाल तर चार ओळींत आटोपतो.

एरिक्सन यांच्याबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं. ‘ओळखीचा पेच’ ही कल्पना जगभर पोचवणाऱ्या या माणसाकडे विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती. शिक्षण व्हिएन्नात, ॲना फ्रॉइड यांच्या हाताखाली. जन्मदात्या वडिलांची कधी गाठ पडली नाही. सावत्र वडिलांचं होम्बर्गर हे आडनाव लावून ते वाढले आणि अमेरिकन नागरिक होताना एरिक्सन हे आडनाव त्यांनी स्वतःच घेतलं. ‘मी कोण’ हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकातून आलेला नव्हता. साठच्या दशकात ते अहमदाबादच्या 1918 च्या गिरणी संपाचा माग काढत होते. त्यातून गांधीजींवरचं त्यांचं पुस्तक 1969 मध्ये आलं. एका माणसाचं चरित्र हाही मानसशास्त्राचा पुरावा होऊ शकतो, असं ते मानत.

परांजपे यांनी हीच पद्धत उचलली आणि आपल्या मातीत आणली. 1970 च्या पुस्तकाचा विषय होता जात आणि पूर्वग्रह, 1975 च्या पुस्तकाचा ओळखीचा शोध. 1984 मध्ये त्यांनी पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा मनोविचार शेजारी ठेवून तपासला. 1998 मध्ये ‘सेल्फ अँड आयडेंटिटी इन मॉडर्न सायकॉलॉजी अँड इंडियन थॉट’ आलं. 2016 मध्ये के. रामकृष्ण राव यांच्यासोबत भारतीय परंपरेतल्या मानसशास्त्रावर पाचवं. विषय बदलताना दिसतात, पण माणूस स्वतःला ‘मी’ म्हणतो ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न जात्याच्या मधल्या खिळ्यासारखा जागचा हलत नाही. दर वर्षी किती शोधनिबंध छापले याचे गुण मोजणाऱ्या आजच्या व्यवस्थेत 1984 आणि 1998 च्या पुस्तकांमधली ही चौदा वर्षं कुणी सहज पचवून घेतली असती असं मला वाटत नाही.

आपल्याला जवळचा भाग पुढेच आहे. ज्ञान, भक्ती आणि कर्म हे मार्ग माणसाचा ‘मी’ खरंच बदलतात का, हे तपासायला त्यांनी तीन आयुष्यं घेतली : रमण महर्षी, तुकाराम आणि लोकमान्य टिळक. दुष्काळात बायको-मुलगा गमावलेला, धंदा बुडालेला देहूचा वाणी पुढे ज्या माणसात बदलला, तो बदल कोणत्या टप्प्यांनी झाला? यावर आक्षेप उघड आहे. तुकोबांची मुलाखत घेता येत नाही, आणि चरित्रात आख्यायिका मिसळलेल्या आहेत. आक्षेप खरा आहे. पण अभंगांत माणूस स्वतःबद्दल जितकं उघडं बोलतो, तितकं पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत कुणी बोलत नाही.

प्रश्नावलीची बाजूही ऐकू. प्रयागच्या माघ मेळ्यावर भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मेळ्याआधी आणि नंतर लोकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं, आणि न गेलेल्यांशी तुलना केली. थंडी, गर्दी, गोंगाट सोसूनही गेलेल्यांनी तब्येत सुधारल्याचं सांगितलं.

आता आपला माळशिरस तालुका बघा. वारीत माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून जाते, तुकोबांची अकलूजवरून. संशोधकाला इतकी सोय क्वचितच मिळते. फक्त दिंडी दारात आल्यावर कागद घेऊन उभं राहून चालणार नाही. विचारायचं ते वारीच्या आधी, वारकऱ्याच्या गावी जाऊन, आणि परतल्यावर पुन्हा. तुलनेला त्याच गावातले, पेरणीसाठी मागे राहिलेले शेजारी. नाहीतर फरक वारीनं पडला की पावसानं, हे सांगता येणार नाही. आणि ज्याला वारीनं माणूस कसा घडतो हे हवं असेल, त्यानं वीस-तीस वर्षं चालणाऱ्या दोघा-तिघांजवळ बसून त्यांची आयुष्यं ऐकावीत. दोन्ही कामं एका पीएचडीत बसणार नाहीत. विद्यार्थ्यानं आधी एक निवडावं, आणि तेही मार्गदर्शक गाठण्यापूर्वी.

पुढच्या आठवड्यात व्ही. व्ही. कामत : बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी त्यांनी कशी बेतली, आणि त्यात काय काय बदलावं लागलं.