घानातही विचारतात, 'लोक काय म्हणतील?'

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. चॉकलेटसाठी लागणारा कोको तिथं भरपूर पिकतो. तिथल्या बाजारात बायकांचंच राज्य असतं. एकेका मालाची एक प्रमुख बाई असते, तिला 'बाजाराची राणी' म्हणतात. विक्रेत्यांची भांडणं तीच मिटवते. आपल्या गटासारखी 'सुसू' नावाची बचतही तिथं चालते.

मग संसदेत किती बायका असतील? २०२० च्या निवडणुकीत २७५ पैकी फक्त ४० निवडून आल्या. २०२४ ला २७६ पैकी ४१!

लोकांना बाई नकोच आहे का? तसं नाही. अफ्रोबॅरोमीटर नावाची संस्था आफ्रिकेत घरोघरी जाऊन लोकांची मतं विचारते. ते दोन वाक्यं वाचून दाखवतात. एक, पुढारी म्हणून पुरुषच चांगले, त्यांनाच निवडावं. दुसरं, बाईलाही पुरुषाइतकीच संधी मिळावी. घानातले बहुसंख्य लोक दुसरं वाक्य निवडतात. पण 'बाई निवडणुकीला उभी राहिली तर लोक तिला नावं ठेवतील का?' असं विचारलं, की बरेचजण 'हो' म्हणतात. म्हणजे स्वतःचं मत एक, आणि गावाची भीती वेगळी.

घरातही तेच. तिथल्या अकान समाजात वारसा आईच्या घराण्यातून चालतो. नवरा वारला, की त्याची मिळकत बहिणीच्या मुलाकडे जायची, बायको रिकाम्या हाती. १९८५ च्या कायद्यानं विधवेला आणि मुलांना राहत्या घरात हक्क दिला. तरी नातेवाइकांशी वैर नको म्हणून काहीजणी हक्क मागतच नाहीत.

बदल होतोय बरं का. २०२४ मध्ये नवा कायदा झाला. निर्णयाच्या जागांवर २०३० पर्यंत निम्म्या बायका आणायचं त्यात ठरलंय. जानेवारी २०२५ मध्ये जेन नाना ओपोकू-आग्येमांग देशाच्या पहिल्या महिला उपराष्ट्रपती झाल्या.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी अर्ज भरताना पाय अडखळतोच ना? पुढच्या बैठकीत एक करून बघा. प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा. 'गटातली ताई सरपंचपदाला उभी राहिली तर तुला चालेल का?' आणि 'गावाला चालेल का?' दोन्हींची उत्तरं चिठ्ठीवर घ्या, नावं नकोत. मग मोजा. पहिल्या प्रश्नाला जास्त 'हो' आले, तर ज्या गावाला आपण भितो त्यात आपणही आहोत, यावर मोकळेपणानं बोला.