सोने नाही, हिरे नाहीत. मग घड्याळ एवढे महाग का?

"भाई, यात ना सोने, ना हिरे. मग एवढी किंमत कशाची?" घड्याळाच्या दुकानात हा सवाल नेहमी ऐकू येतो. दुकानदाराजवळ सरळ जवाब असला तर सौदा जमतो, नसला तर गिऱ्हाईक पायरी उतरते. घड्याळांचा व्यापार व दुरुस्ती करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा जवाब समजून घेणे जरुरीचे आहे.

सोने मौल्यवान खरे, पण मऊ. त्यावर चरे पडतात, कडा झिजतात. स्वित्झर्लंडच्या राडो कंपनीने १९६२ साली 'डायास्टार' घड्याळ काढले. त्याची केस टंगस्टन कार्बाइडच्या कठीण धातूची होती. लेथवर काम करणाऱ्यांना कार्बाइडचे हत्यार माहीत आहेच. पदार्थ त्याच जातीचा. काच कृत्रिम नीलमाची. तिच्यावर चरा पाडायला हिऱ्यासारखाच कठीण पदार्थ लागतो. आखातातून कोकणात आलेल्या राडोची चमक वर्षानुवर्षे का टिकली, याचे कारण हेच. पुरुषांना सोने वर्ज्य मानणाऱ्या घरांत अशा घड्याळाची सोय वेगळी सांगायला नको.

१९७२ साली ओदमार पिगे कंपनीने 'रॉयल ओक' हे पोलादी घड्याळ त्या काळच्या अनेक सोन्याच्या घड्याळांहून जास्त दरात बाजारात आणले. किंमत धातूच्या वजनाची नव्हती, घडणावळीची होती.

टायटॅनियमचे वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडे जास्त, आणि घामाने ते गंजत नाही. जपानच्या सिटिझन कंपनीने १९७० मध्ये त्याचे घड्याळ केले. १९८६ मध्ये राडो आणि आयडब्ल्यूसी यांनी सिरॅमिक आणले. हे चिनी मातीचे भांडे नव्हे. झिर्कोनियम ऑक्साइडची भुकटी साच्यात दाबून सुमारे १४५० अंशांवर भाजतात. भट्टीत तुकडा आकसतो, म्हणून किती आकसेल त्याचा हिशेब धरून साचा आधीच मोठा करावा लागतो. नंतरची घासाई हिऱ्याच्या अवजारानेच होते. सोन्याचा नग बिघडला तर वितळवून पुन्हा ओतता येतो, भाजलेले सिरॅमिक बिघडले की फुकट जाते. भुकटीपेक्षा हे कसब व हे नुकसान किमतीत असते.

केसच्या आतील गोष्ट याहून जुनी आहे. उन्हाळ्या-हिवाळ्यात हेअरस्प्रिंगचा ताण बदलतो आणि वेळ चुकते. घड्याळाचा धंदा असलेल्या स्विस घराण्यात जन्मलेल्या शार्ल एदुआर गियोम यांनी लोखंड व निकेल यांच्या मिश्रधातूंचा अभ्यास करून यावर इलाज शोधला. त्यासाठी १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. २००१ मध्ये युलिस नार्दां कंपनीच्या 'फ्रीक' घड्याळात सिलिकॉनचे भाग आले. सिलिकॉनवर लोहचुंबकाचा परिणाम होत नाही, व त्याच्या भागांना तेल फारच कमी लागते किंवा लागतच नाही.

मात्र प्रत्येक गुणाबरोबर दोष येतो, आणि तो कारागिराच्या पोटावर येतो. सिरॅमिकवर चरा पडत नाही, पण फरशीवर आपटले तर ते तडकू शकते, आणि तडकलेली केस जोडता येत नाही. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग चिमट्याने वाकवून जुळवता येत नाही. ती मोडते, आणि बदली भागासाठी कंपनीकडे हात पसरावा लागतो. टायटॅनियम घासताना उडणारी बारीक भुकटी पेट घेऊ शकते.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घड्याळ हाती घेण्यापूर्वी केस व आतले भाग कशाचे आहेत ते पाहून पावतीवर लिहावे. सिरॅमिकला पोलादाचे पॉलिश करू नये, आणि टायटॅनियमची भुकटी साचू देऊ नये. विकताना गुणाबरोबर दोषही सांगावा. "चरा पडणार नाही, पण पाडू नका," एवढे एक वाक्य पुढचा तंटा टाळते.

नवा पदार्थ केवळ नवा म्हणून महाग ठरू नये. तो कोणती अडचण दूर करतो व तो घडवायला किती कसब लागते, हे सांगता आले तरच त्याची किंमत मागण्याचा हक्क दुकानदाराला आहे.