दूरचें यंत्र आणि जवळचा पडदा

चिपळूणहून कऱ्हाडच्या वाटेनें निघालें म्हणजे कुंभार्ली घाट चढूं लागण्यापूर्वीं पोफळी गांव लागतें. वरून पाहणाऱ्याला तेथें डोंगर आणि झाडी यांवांचून फारसें कांहीं दिसत नाहीं. परंतु त्या डोंगराच्या पोटांत कोयना प्रकल्पाचें भूमिगत वीजघर आहे. सह्याद्रीच्या पलीकडे सातारा जिल्ह्यांत अडविलेलें पाणी बोगद्यांतून आपल्या बाजूस येतें, जवळजवळ पांचशें मीटर खालीं कोसळतें, चक्रें फिरवितें आणि शेवटीं वाशिष्ठीला मिळतें. १९६२ सालीं येथें वीज निर्माण होऊं लागली. पुढें अलोरे येथील तिसरा टप्पा, १९९९ सालीं तलावाचा तळ फोडून पाणी घेतलेला १,००० मेगावॉटचा चौथा टप्पा आणि धरणाच्या पायथ्याचें वीजघर मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट झाली.

या वीजघरांचें विशेष काम ऐन गरजेच्या वेळीं धांवून येण्याचें. संध्याकाळीं घरोघर दिवे लागले कीं कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून सूचना येते, वीजघरांतील कर्मचारी यंत्र सुरू करतात आणि कांहीं मिनिटांत वीज वाहूं लागते. म्हणजे गरज कळते एकीकडे आणि यंत्र फिरतें दुसरीकडे. आतां समजा, प्रत्यक्ष फिरविण्याची क्रियाच दूरच्या एका टेबलावरून करावयाची आहे. आज अनेक कारखान्यांत, पाणीपुरवठ्याच्या योजनांत आणि वीजकेंद्रांत तें घडत आहे. मग तें टेबल कसें मांडावें?

यंत्राशेजारीं उभ्या असलेल्या माणसाला पुष्कळशा गोष्टी न सांगतां कळत असतात. बेअरिंग तापलें तर तेलाचा वास बदलतो. चक्र डळमळलें तर पायांखालची फरशीच तळव्यांना तें सांगते. दूर बसलेल्या चालकापाशीं ना तो वास, ना ती थरथर. जें मोजावें असें कोणींतरी पूर्वीं ठरविलें, तेवढेंच आंकड्यांच्या रूपानें त्याच्यापर्यंत पोंचतें.

एकाच्या जागीं सहा पडदे मांडले म्हणजे ही उणीव भरून निघेल, असें वाटणें स्वाभाविक आहे. मलाही वाटलें होतें. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका कारखान्यांत मीं चालकासमोर सहा पडदे दोन रांगांत लावून दिले आणि मोठ्या समाधानानें घरीं आलों. भर पावसाळ्यांत पुन्हां गेलों, तों वरच्या रांगेंतील एका पडद्यावर गृहस्थानें ओला पंचा वाळत घातलेला! विचारलें तर म्हणाला, "साहेब, त्याच्याकडे बघायचं तर मान मोडते. मी बघतच नाही." त्याला काय बोलणार? चूक माझीच होती.

तेव्हांपासून माझी मांडणी साधी झाली आहे. चालकाच्या थेट समोर, डोळ्यांच्या रेषेहून किंचित् खालीं, प्रत्यक्ष कामाचे दोन पडदे. त्यांच्या पलीकडे खोलींतील सर्वांना दिसेल असा एक मोठा पडदा. त्यावर संपूर्ण केंद्राचें एकच चित्र, आणि तें कोणींही झांकूं किंवा बदलूं नये. इशाऱ्यांची यादी नेहमीं एकाच जागीं. चित्राची पार्श्वभूमि करडी, मंद. लाल आणि पिवळा हे रंग संकटासाठींच राखून ठेवावे. चालतें यंत्र हिरवें, वाहतें पाणी निळें, गरम नळ लाल अशी रंगपंचमी केली, तर खऱ्या संकटाचा लाल ठिपका त्यांत हरवून जातो. शिवाय सर्व पडदे एकाच संगणकावर टांगूं नयेत. तो बंद पडला कीं चालक क्षणांत आंधळा होतो.

पडद्यांची संख्या वाढवूनही माणूस कसा आंधळा राहतो, याचें उदाहरण वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत घडलें. २४ जुलै १९९४ रोजीं तेथें मोठा स्फोट झाला आणि २६ माणसें जखमी झालीं. स्फोटापूर्वींच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोघां चालकांसमोर २७५ इशारे आले होते. सरासरी अडीच सेकंदांनाही एक पुरला नाहीं. यांतील कोणता वाचावा, कोणता सोडावा? पडदे होते, परंतु सबंध कारखाना एका दृष्टिक्षेपांत दाखवील असें चित्र नव्हतें. आणि सर्वांत वाईट म्हणजे एक झडप प्रत्यक्षांत बंद असतां ती उघडी असल्याचें यंत्रणा सांगत होती.

हाच घोटाळा त्यापूर्वीं २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंतील थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रांत झाला होता. झडप उघडी असल्याचा दिवा विझला, म्हणून चालकांनीं ती मिटली असें मानलें. वस्तुतः तो दिवा झडपेला धाडलेली आज्ञा दाखवीत होता, झडपेची स्थिति नव्हे. झडप अडकून उघडीच राहिली, तिच्यांतून दोन तासांहून अधिक काळ पाणी गळत राहिलें आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. 'मिट' म्हणून सांगितलें आणि ती मिटली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर दोन्ही निरनिराळ्या दिसल्या पाहिजेत, आणि दुसरी गोष्ट झडपेवरच बसविलेल्या स्विचकडून कळली पाहिजे.

दूरच्या टेबलाला आणखी एक व्याधि जडते, ती शिळ्या बातमीची. आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत दरड कोसळते, झाड पडतें, तार तुटते. अशा वेळीं पडद्यावर शेवटचा आंकडा तसाच थिजून राहिला, तर चालकाला वाटतें, सर्व कांहीं सुरळीत आहे. यावर उपाय असा, कीं दोन्हीं टोकांच्या यंत्रणांनीं दर सेकंदाला परस्परांची नाडी पाहावी. ती थांबतांच ते आंकडे फिके पडावे, त्यांवर फुली यावी आणि बातमी किती वेळापूर्वींची आहे तें दिसावें. मला ठाऊक नाहीं, असें कबूल करणारा पडदा चालकाच्या खरोखर उपयोगी पडतो. संपर्क तुटल्यावर यंत्रानें चालूं राहावें कीं थांबावें, हा निर्णयही आधींच करून यंत्राजवळच्या नियंत्रकांत ठेवावा. संपर्काला दोन मार्ग असावे हें सर्वच सांगतात. परंतु दोन तारा एकाच खांबांवरून नेल्या तर त्या दोन नव्हेत, एकच.

आणि दाराला कुलूप हवें. २३ डिसेंबर २०१५ रोजीं युक्रेनमधील वीजकंपन्यांच्या संगणकांत परक्यांनीं प्रवेश केला. चालकाच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरूं लागला आणि एकामागून एक स्विच उघडूं लागला. सुमारें सव्वादोन लाख ग्राहक अंधारांत गेले. कर्मचारी मोटारींतून उपकेंद्रांवर गेले, त्यांनीं हातानें स्विच लावले, तेव्हां कांहीं तासांत वीज परत आली. म्हणून नवीं टेबलें मांडतांना जुनें हातचें साधन मोडीत काढणाऱ्यांशीं मीं नेहमीं भांडत आलों आहें. कारखान्याचें जाळें कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळें ठेवावें, बाहेरून येणाऱ्याची ओळख दोनदां पटवून घ्यावी, आणि एका यंत्रावर एका वेळीं एकाच टेबलाची हुकमत चालावी.

या हुकमतीचें शेवटचें ठिकाण मात्र टेबलावर असूं नये. तें यंत्राजवळ असावें. तेथें एक किल्लीचा स्विच असतो: एका बाजूस 'स्थानिक', दुसऱ्या बाजूस 'दूरस्थ'. चक्राच्या दुरुस्तीसाठीं आंत उतरणारा कामगार तो 'स्थानिक'कडे फिरवितो, पाण्याची झडप व विजेचा स्विच कुलुपबंद करतो, वर आपल्या नांवाची पाटी लावतो आणि किल्ली खिशांत घालतो. तो आंत असेपर्यंत दूरच्या पडद्यावरील सुरू करण्याचें बटन मेलेलें असलें पाहिजे. बाहेर आल्यावर तोच ती किल्ली परत लावील. तोंवर शहरांत कितीही अंधार पडो, कोणत्याही टेबलावरून तें चक्र हलतां कामा नये.